गांजाच्या कायद्यासाठी निवडणूक लढवता येते का?

वाचकांचे प्रश्न, वकीलबाईंची उत्तरं

या सदरात एरवी वारसाहक्क, भाडेकरू आणि सामाईक विहिरीचे प्रश्न येतात. मागच्या अंकात अमली पदार्थांच्या कायद्यातल्या शिक्षांवर मी चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग आला. निवडणुकीचं वातावरण असल्याने बहुतेकांनी विषय तिकडेच नेला. पाच पत्रं निवडली आहेत. कुणाचंही नाव छापलेलं नाही.

सप्रेम नमस्कार वकीलबाई. मी निवृत्त शिक्षक. माझा मुलगा मेलबर्नला असतो, आता तिथला नागरिक आहे. तिथल्या उमेदवारांच्या यादीत ‘लीगलाइज कॅनाबिस’ नावाचा पक्ष असतो असं तो सांगतो. म्हणजे गांजा कायदेशीर करा, एवढाच झेंडा. असे पक्ष निवडून तरी येतात का, की दुसऱ्याची मतं खायला उभे असतात? एका मागणीवर पक्ष काढणं मला पटत नाही. – एक शिक्षक, राजारामपुरी

नमस्कार गुरुजी. निवडून येतात. कसे, हे तुम्हाला सांगणं सोपं आहे, कारण तुम्ही पुणे शिक्षक मतदारसंघात मतदान केलं असणार. तिथे आयोगाने दिलेल्या जांभळ्या पेनाने नावापुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहायचे असतात. पहिल्या पसंतीचा उमेदवार बाद झाला तर मत दुसऱ्याकडे सरकतं. ऑस्ट्रेलियात मतदान साधारण याच रीतीने होतं, आणि वरिष्ठ सभागृहात एका विभागातून एकापेक्षा जास्त माणसं निवडली जातात. व्हिक्टोरिया राज्यात, म्हणजे तुमच्या मुलाच्या राज्यात, एका विभागातून पाच. त्यामुळे पहिल्या पसंतीची थोडीच मतं असलेला पक्षसुद्धा इतरांच्या सरकत आलेल्या मतांवर शेवटची जागा गाठू शकतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथल्या ४० जणांच्या सभागृहात या पक्षाचे दोघे गेले, रेचल पेन आणि डेव्हिड एटरशँक. त्याआधी २०२१ मध्ये वेस्टर्न ऑस्ट्रेलियात दोन जागा मिळाल्या होत्या, नंतर २०२३ मध्ये न्यू साउथ वेल्समध्ये एक. देशाच्या सिनेटला मात्र २०२२ मध्ये तीन टक्क्यांहून थोडी जास्त मतं मिळूनही जागा एकही नाही.

निवडून जाऊन केलं काय, हा माझ्या दृष्टीने मोठा प्रश्न. व्हिक्टोरियात या दोघांनी प्रौढ माणसाला स्वतःपुरता गांजा बाळगता यावा म्हणून विधेयक मांडलं, ते पास झालं नाही. पण एक लहान काम झालं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर गांजापासून केलेलं औषध घेणारा रुग्ण रस्त्यावरच्या लाळेच्या तपासणीत सापडला, की तो शुद्धीत, व्यवस्थित गाडी चालवत असला तरी त्याचा परवाना जायचा. गाडी गेली की नोकरी गेली. हे त्यांनी लावून धरलं आणि मार्च २०२५ पासून अशा रुग्णाचा परवाना काढायचा की नाही, हे ठरवायची मुभा न्यायदंडाधिकाऱ्यांना मिळाली. सभागृहात दोन माणसं असली की एवढं होऊ शकतं, आणि ज्याची गाडी वाचली त्याला ते एवढंसं वाटत नसणार.

मतं खाण्याचं म्हणाल तर तो आरोप अमेरिकेत मिनेसोटा राज्यात झाला. तिथे ‘लीगल मारिवाना नाऊ’ नावाचा पक्ष आहे. २०१८ मध्ये राज्याच्या लेखापरीक्षक पदाच्या निवडणुकीत त्यांच्या उमेदवाराने पाच टक्क्यांची रेषा ओलांडली आणि तिथल्या नियमाने पक्षाला मोठ्या पक्षाचा दर्जा मिळाला. पुढे २०२० मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाची मतं फोडायला विरोधकांनीच काही उमेदवार या नावाखाली उभे केले, अशी ओरड झाली. आपल्याकडे सारख्या नावाचे अपक्ष उभे करायची कला ज्यांनी पाहिली आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. आणि गंमत बघा, ज्यांची मतं फुटत होती त्याच डेमोक्रॅटिक पक्षाने बहुमत आल्यावर २०२३ मध्ये गांजा कायदेशीर केला. तो १ ऑगस्टपासून लागू झाला. पुढच्याच वर्षी त्या छोट्या पक्षाचा मोठेपणाचा दर्जा गेला.

बहुतेक ठिकाणी हेच दिसतं. कॅनडात २००० साली मारिवाना पार्टीने ७३ उमेदवार दिले, अर्धा टक्का मतं मिळाली, जागा शून्य. कायदा बदलला १७ ऑक्टोबर २०१८ ला, लिबरल पक्षाच्या सरकारने. न्यूझीलंडमध्ये गांजाचा पक्ष १९९६ पासून निवडणुका लढवतो आहे. पहिल्याच निवडणुकीत दीड टक्क्याच्या थोडी वर मतं पडली, त्यापुढे तो कधी गेला नाही. पण २०२० मध्ये सरकारने सार्वत्रिक निवडणुकीबरोबरच या प्रश्नावर थेट जनमत घेतलं. विरोधात ५०.७ टक्के, बाजूने ४८.४. म्हणजे ज्या पक्षाला शंभरातली दोन माणसं मत देत नव्हती त्याची मागणी जवळजवळ निम्म्या देशाला मान्य होती.

म्हणून गुरुजी, एका मागणीवर पक्ष काढणं मला वावगं वाटत नाही. मोठा पक्ष अशा विषयाला हात लावत नाही, बदनामीची भीती असते. छोटा उमेदवार दहा वर्षं, वीस वर्षं तेच बोलत राहतो, अनामत घालवतो, आणि लोकांना तो विषय ऐकायची सवय होते. सवय झाली की मोठे पक्ष येतात. श्रेय त्यांनाच मिळतं. मिळू दे.

आपल्याकडे फक्त यासाठी लढणारा दखलपात्र पक्ष उभा राहिलेला नाही, पण बोललेले खासदार आहेत. पतियाळाचे डॉ. धर्मवीर गांधी हृदयरोगतज्ज्ञ आहेत. २०१४ मध्ये आम आदमी पक्षाकडून निवडून आले, आणि पंजाबात चिट्टा, म्हणजे हेरॉइनसारखी पांढरी पूड, पोरांना खातोय, अफू-गांजावरची बंदी ढिली करा म्हणून त्यांनी २०१६ मध्ये खासगी विधेयक तयार केलं. खासगी विधेयकाचं आपल्या संसदेत काय होतं ते ठाऊक आहे. १९७० नंतर एकही पास झालेलं नाही. २०१९ ला स्वतःचा छोटा पक्ष काढून ते लढले आणि पडले. २०२४ ला काँग्रेसकडून पुन्हा निवडून आले. ओडिशातल्या ढेंकानालचे तेव्हाचे खासदार तथागत सत्पथीही हीच मागणी उघडपणे करायचे. दोघांच्याही मताशी मी शंभर टक्के सहमत नाही. पण दोघांनी तोंड लपवलं नाही.

मॅडम, मी कसबा बावड्याचा, वय २८. कट्ट्यावरच्या पोरांनी ठरवलंय, पुढच्या निवडणुकीला मी उभं राहायचं आणि गांजाचा कायदा बदला हाच मुद्दा घ्यायचा. अपक्ष नाहीतर छोट्या पक्षाकडनं. महापालिका का आमदारकी ते अजून ठरंना. घरचे म्हणतात नुसतं बोललास तरी पोलीस उचलतील. पत्रकाचा मसुदा जोडलाय. काय चुकतंय ते सांगा. – एक कार्यकर्ता

बोलल्याबद्दल उचलता येत नाही. कायदा चुकीचा आहे, तो बदला, असं म्हणणं हा राज्यघटनेच्या कलम १९ ने दिलेला अधिकार आहे, आणि निवडणूक हेच ते म्हणायचं ठिकाण. सभेत कुणी चिलीम ओढली, कुणी पुडी वाटली, किंवा तुम्ही ‘अमक्याकडे मिळतो’ असं सांगितलंत, तर तो गुन्हा. चिथावणीसाठी या कायद्यात मुख्य गुन्ह्याइतकीच शिक्षा आहे. तुमच्या कट्ट्यावरच्या प्रत्येकाला हे आधी बजावा.

महापालिका का आमदारकी, याचं उत्तर तुम्ही काय मागताय त्यावर आहे. १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा केंद्राचा. तो बदलायचा तर लोकसभेला उभं राहा. महापालिकेत गांजावर ठरावसुद्धा करून उपयोग नाही. तिथे पाणी, गटार, घरफाळा. नगरसेवक झालात तर एक गोष्ट करता येईल, महापालिकेच्या दवाखान्यात व्यसनमुक्तीचा समुपदेशक बसवा म्हणून भांडता येईल. आमदारकीला मात्र खरा वाव आहे, आणि तो तुमच्या पत्रकात कुठेच नाही. केंद्राच्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांशिवायची नुसती पानं आणि बिया त्यातून वगळल्या आहेत. म्हणजे भांग त्या कायद्यात बसत नाही. महाराष्ट्रात भांगेवर बंधन आहे ते १९४९ च्या दारूबंदी कायद्याने, आणि तो विधानसभेचा कायदा आहे. शिवाय औद्योगिक वापरासाठी लागवडीला परवाने देण्याचं धोरण राज्य सरकार ठरवू शकतं. विधानसभेचा उमेदवार या दोन गोष्टींचं वचन देऊ शकतो आणि पाळू शकतो. बाकीचं वचन दिलंत तर ती मतदाराची फसवणूक आहे.

आता तुमचं पत्रक. पिवळा कागद, मध्ये तळहाताएवढं हिरवं पान, त्यावर तुमचा गॉगल घातलेला फोटो आणि खाली ‘आपला गांजा, आपला हक्क’. ज्या आजीच्या दारात हे पडेल ती ते चुलीत घालेल, आणि तिचं मत तुम्हाला हवं आहे. पान काढा. गॉगल काढा.

‘गांजाने कॅन्सर बरा होतो’ ही ओळ आजच खोडा. केमोथेरपीतली मळमळ, लहान मुलांमधले काही प्रकारचे अपस्मार, मज्जासंस्थेच्या एका आजारात स्नायू आखडणं, अशा मोजक्या त्रासांसाठी त्यातल्या घटकांची औषधं जगात मान्य आहेत. कॅन्सर बरा होतो असं सिद्ध झालेलं नाही. आपल्या घराघरांत कॅन्सरचे रुग्ण आहेत. तुमची ओळ वाचून एकाने जरी उपचार सोडले तर ते पाप कुठे फेडाल? ‘गांजाची सवय लागत नाही’ हेही खोडा. लागते, सगळ्यांना नाही पण लागते, आणि सोळा-सतराच्या वयात सुरुवात केलेल्या पोरांच्या डोक्यावर तो जास्त परिणाम करतो. घरात मानसिक आजार असेल तर धोका आणखी वाढतो. हे तुम्ही स्वतः पत्रकात लिहिलंत तर लोक तुमच्या बाकीच्या बोलण्यावर विश्वास ठेवतील.

मग लिहायचं काय? लोकांना ठाऊक नसलेलं लिहा. इंग्रज सरकारने १८९३ मध्ये भांग-गांजावर आयोग नेमला, हजाराहून जास्त साक्षी काढल्या, आणि पूर्ण बंदी नको, कर लावा आणि आवर घाला असा अहवाल आला. पुढे १९६१ चा आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या दडपणाखाली आपण १९८५ ला बंदी घातली. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगात गांजाला सर्वांत घातक पदार्थांच्या यादीतून काढायचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी पास झाला, आणि भारताने बाजूने मत दिलं. ज्यानं तिकडे हात वर केला त्या सरकारला इकडच्या कायद्याचं काय, हे विचारणं रास्त आहे. हा प्रश्न पत्रकात सगळ्यात वर टाका.

उरलं व्यवहाराचं. विधानसभेला अनामत १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला निम्मी. अपक्षाला किंवा मान्यता नसलेल्या पक्षाच्या उमेदवाराला त्याच मतदारसंघातले दहा सूचक लागतात, मान्यताप्राप्त पक्षाला एकच पुरतो. वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं पडली नाहीत तर अनामत जप्त. शपथपत्रात प्रत्येक गुन्हा लिहावा लागतो, लपवलात तर तो वेगळा गुन्हा. आणि पत्रकावर छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवा. तुमच्या मसुद्यावर तो नाही. लक्ष्मीपुरीतला कुठलाही जुना प्रेसवाला त्याशिवाय छापणार नाही, तो तुमच्यापेक्षा जास्त निवडणुका बघून बसलाय.

वकीलबाई, मुलगा २२ वर्षांचा, कारखान्यात कामाला. दोन महिन्यांमागं मित्रांबरोबर सापडला, त्याच्याकडं ६० ग्रॅम गांजा निघाला. ओळखीचा एकजण म्हणतो, गुन्हा कबूल करा, दंड भरा, एका दिवसात सुटका. पोरगा मंडळात पुढं पुढं असतो, ग्रामपंचायतीला उभं राहायचं त्याच्या मनात आहे. दंड भरल्यावर सगळं संपतं का? – एक आई, कागल तालुका

ताई, संपत नाही. हे पत्र वाचून मी तुम्हाला आधीच उत्तर पाठवलं आहे. इथे छापते आहे ते बाकीच्या आयांसाठी.

एक किलोच्या आतला गांजा हे कायद्याच्या भाषेत अल्प प्रमाण. त्याला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वीस किलोच्या वर गेलं की दहा ते वीस वर्षं. मधल्या वजनाला दहा वर्षांपर्यंत. तुमच्या मुलाचं प्रकरण सगळ्यात खालच्या पायरीवर आहे, त्यामुळे दंडावर सुटू शकतं हे खरं. पण दंड म्हणजे दोषसिद्धी. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८ च्या पहिल्याच पोटकलमात अमली पदार्थांचा कायदा नाव घेऊन लिहिलेला आहे. त्याखाली नुसता दंड झाला तरी दोषी ठरल्या दिवसापासून सहा वर्षं निवडणूक लढवता येत नाही. तुरुंगवास झाला तर तो काळ आणि सुटल्यावर आणखी सहा वर्षं. हे आमदार-खासदारांसाठी लिहिलेलं आहे, पण घटनेच्या कलम २४३ फ मुळे जो विधानसभेला अपात्र तो ग्रामपंचायतीलाही अपात्र. महापालिकेला तसंच वेगळं कलम आहे. इतर बऱ्याच गुन्ह्यांत दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली तरच माणूस अपात्र होतो. इथे ६० ग्रॅमची पुडी आणि हजार रुपयांची पावती पुरते.

त्या दिवशी कोर्टात काय होतं ते मी आयुष्यभर बघत आले आहे. टेबलावर खाकी कागदाचं पाकीट, त्याला दोरा, दोऱ्यावर लाखेचा शिक्का, बाजूला पंचांच्या सह्या. पोरगा मान खाली घालून उभा. न्यायाधीश विचारतात, आरोप समजला का, कबूल आहे का? पोरगा आधी मागे बापाकडे बघतो. बाप मान हलवतो, कारण त्याची आजची हजेरी बुडालेली असते आणि पुढच्या तारखेला परत बुडणार असते. कबूल. पाच मिनिटांत बाहेर. दंड परवडला, पण पुढे काय गेलं हे त्या दोघांना कुणीच सांगितलेलं नसतं.

आता उपाय. या कायद्यात कलम ६४ अ आहे. व्यसनी माणूस अल्प प्रमाणासाठी किंवा सेवनासाठी पकडला गेला, आणि त्याने स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचाराची तयारी दाखवून ते पूर्ण केले, तर त्याच्यावर खटला चालवता येत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. दुसरं कलम ३९. दोषी ठरला तरी न्यायालय त्याला लगेच शिक्षा न देता, त्याच्या संमतीने, बंधपत्रावर उपचारांना पाठवू शकतं. पण तिथे दोषसिद्धी झालेली असते, म्हणून आधी ६४ अ. कबुली देण्याआधी वकिलाला हे दोन आकडे सांगा, चौसष्ट अ आणि एकोणचाळीस, आणि अर्ज द्यायला लावा. मुलाला खरंच सवय आहे का, हे मात्र त्याच्याशी शांतपणे बोलून ठरवा. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे. तिथे फोन केल्याने गुन्हा दाखल होत नाही.

माझं मत विचाराल तर अल्प प्रमाणाच्या प्रकरणात पहिली पायरी दवाखाना असावी, पोलीस ठाणं नसावं. बाजारात गांजाची दुकानं उघडा, असं मी म्हणत नाही. पण आज जो उमेदवार हा विषय हातात घेतो त्याने पहिल्यांदा कलम ८ बद्दल बोलावं. ज्यांनी हा कायदा अंगावर झेलला तेच लोक सहा वर्षं उभे राहू शकत नाहीत, मग त्यांच्या बाजूने सभागृहात बोलायचं कुणी? बावड्याच्या कार्यकर्त्याने हे वाचावं. मतं मागायची असतील तर या आईकडे जाऊन मागावीत.

आमच्याकडे प्रचाराला आलेला एकजण म्हणाला, उत्तराखंडात भांगेची शेती चालू आहे, आपल्याकडेही होणार, उसापेक्षा चौपट पैसा. चार-सहा सरी लावून बघाव्या का? – एक शेतकरी, शिरोळ

दादा, एकही रोप लावू नका. उत्तराखंडाने २०१८ मध्ये परवाना देऊन औद्योगिक भांगेची शेती सुरू केली हे खरं. ते वाण वेगळं, त्यात नशेचा घटक ०.३ टक्क्यांच्या आत लागतो, धागा आणि बिया हे उत्पादन. हिमाचलनेही मंत्र्यांची समिती नेमून २०२४ मध्ये विधानसभेत तिचा अहवाल स्वीकारला. बियांना, बियांच्या तेलाला आणि पिठाला अन्न म्हणून देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्येच मान्यता दिली आहे. वचन देणारा माणूस हवेत बोलत नाहीये. पण सरकारचा लेखी परवाना तुमच्या हातात पडत नाही तोवर कायदा वाण बघत नाही, त्याला सगळी झाडं सारखी. लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे, आणि त्यात वजनाची सवलत लागेलच असं धरून चालू नका. उसाच्या फडात मधोमध दोन ओळी लावून पकडलेले लोक आपल्याच जिल्ह्यात आहेत. रान दुसऱ्याला कसायला दिलं असेल आणि त्याने लावलं असं तुम्हाला कळलं, तर लगेच पोलिसांना किंवा महसूल खात्याला कळवणं हीसुद्धा कायद्याने तुमची जबाबदारी आहे.

चौपट पैशाचं सांगणाऱ्याला थायलंडचं विचारा. तिथे भूमजाइ थाई पक्षाने २०१९ च्या निवडणुकीत शेतकऱ्यांना घरटी सहा झाडांचं वचन दिलं. सरकारात गेल्यावर जून २०२२ मध्ये गांजा बंदीच्या यादीतून काढलाही. पण विक्री कुणी करायची, किती, कुणाला, याचा कायदा पास झालाच नाही. गल्लोगल्ली दुकानं निघाली. जून २०२५ मध्ये सरकारने पुन्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट घातली. तुमच्या उमेदवाराला तीन प्रश्न विचारा: बियाणं कोण देणार, माल कोण घेणार, आणि तपासणीत नशेचा घटक ०.३ च्या वर निघाला तर उभं पीक जाळल्याची भरपाई कोण देणार. लेखी उत्तर दिलं तर मलाही पाठवा, मी छापेन.

आमच्या तालमीत महाशिवरात्रीला थंडाई असते. यंदा एक इच्छुक उमेदवार म्हणतो, माझ्याकडून भांग घातलेली थंडाई सगळ्या पेठेला. चालतं का? – एक वस्ताद

नाही चालत, दोन कारणांनी. परवान्याशिवाय भांग बाळगणं आणि पाजणं दारूबंदी कायद्यात गुन्हा आहे, हे वर सांगितलंच. आणि निवडणूक लागलेली असताना मतदारांना मतासाठी खाऊपिऊ घालणं लाचेत मोडतं, मग ती साध्या बदामाची थंडाई का असेना. तालमीची थंडाई तालमीच्या पैशाने, बदाम, खसखस, बडीशेप आणि मिरी घालून, पैलवानांनाच द्या. उमेदवाराला यायचं असेल तर येऊ दे, पण खर्च त्याचा नको आणि बॅनरही त्याचा नको.